लघवी सुटते म्हणून आलेल्या माणसाला डायपरच्या आधी काय द्यायचं?

प्रश्न एका स्टाफ नर्सचा आहे. जीएनएम करून गुहागर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिला सहा महिने झालेत. ती विचारते : "ताई, ओपीडीत 'लघवी धरवत नाही' म्हणून बायका येतात, डॉक्टर गोळ्या लिहून देतात. घरभेटीला गेलं की म्हाताऱ्या माणसांच्या घरचे डायपर कुठला घ्यावा ते विचारतात. परवा एका आजोबांची सून म्हणाली, सारखं थेंब थेंब गळतं, रात्रभर अंथरूण ओलं, तुम्ही लघवीची नळीच घालून द्या. यात नर्सचं काम नेमकं काय?"

आधी त्या आजोबांचं बघ, बाकीचं सावकाश वाच. उद्या जमलं तर उद्याच त्यांच्याकडे जा. त्यांना उताणं झोपव, गुडघे थोडे दुमडायला सांग आणि ओटीपोटावर हात ठेव. बेंबीच्या खाली काही घट्ट, गोल लागतंय का? बोटाने ठोकून बघ, पोकळ आवाज येतो की भरलेल्या पिंपासारखा बद्द? हलकं दाबल्यावर थेंब वाढतात का? लघवीची धार कशी आहे, जोर करावा लागतो का, सुरू व्हायला वेळ लागतो का, तेही विचार. असा गोळा हाताला लागला तर ती साधी गळती नाही. मूत्राशय रिकामाच होत नाहीये, पंप बंद करायचा राहिला की टाकी जशी वरून वाहते तसा तो वाहतोय. त्यावर डायपर बांधणं म्हणजे वाहणाऱ्या टाकीखाली बादली ठेवणं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि पुढे पाठवायची चिठ्ठी.

हे मी चूक करून शिकले. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी, समुद्राकाठच्या एका वाडीत एक आजोबा होते, बोटीवर खलाशी म्हणून आयुष्य काढलेले. थेंब थेंब गळती, वय पंचाहत्तरच्या पुढे. तेव्हा डायपर इतके सर्रास मिळत नव्हते. मी जुन्या धोतराच्या घड्या कशा घालायच्या ते दाखवलं, रबरी कापड अंथरायला सांगितलं. महिनाभरात तीनदा त्यांच्याकडे गेले, तीनदा चहा प्यायले, आणि एकदाही पोटाला हात लावला नाही. शेवटी ते जेवेनासे झाले, गुंगीत राहायला लागले, तेव्हा रुग्णालयात नेलं. नळी घातल्यावर सव्वा लिटर लघवी निघाली. किडनीवर ताण आला होता. प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन बरे होऊन परत आले म्हणून मी आज हे सांगू शकते. तेव्हापासून गळती म्हटलं की माझा हात आधी पोटावर जातो, तोंडातून प्रश्न नंतर येतो.

तुमच्याकडे डॉक्टरांच्या सांगण्यावरून तू नळी घातलीस आणि एकदम खूप लघवी निघाली, तर त्यानंतरचे काही तास माणूस नजरेखाली ठेव. बीपी बघ, लघवीत रक्त येतंय का बघ, आणि तासातासाला किती लघवी होतेय ते लिही. अडलेलं मोकळं झाल्यावर कधी कधी लघवीचा इतका पूर येतो की अंगातलं पाणी आणि क्षार उतरतात. आणि सुनेला विचार, आजोबांनी या आठवड्यात सर्दीची गोळी घेतली होती का? प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी सर्दीच्या साध्या गोळीने अडलेली मी अनेकदा पाहिलीय.

आता तुझा मूळ प्रश्न. नर्सचं काम काय, तर गळती कधी आणि कशाने होते ते शोधणं. किती होते हे घरच्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं, धुणं तेच धुतात.

बायका "लघवी सुटते" एवढंच म्हणतात, पण त्या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळे आजार असतात. खोकलं, शिंकलं, हसलं, हंडा उचलला की सुटते, ती एक. लघवीला लागली की मोरीपर्यंत पोचेस्तो धीर नाही, किल्ली कुलुपात घालतानाच सुटते, ती दुसरी. पन्नाशी उलटलेल्या पुष्कळ बायकांत दोन्ही एकत्र असतात. तिसरी त्या आजोबांची, भरून वाहणारी. चौथीत मूत्राशय ठीक असतो, पण गुडघे, डोळे, अंधार किंवा विसरभोळेपणा यांच्यामुळे माणूस वेळेत पोचत नाही. आणि एक पाचवी, क्वचित दिसणारी, पण चुकवू नये अशी : अडलेलं बाळंतपण किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन झाल्यावर दिवसरात्र, झोपेत, बसल्यापडल्या सतत पाझरत राहणं. तिथे मूत्राशय आणि योनी यांच्यात भोक पडलेलं असू शकतं. तिला व्यायाम शिकवत बसू नकोस, सरळ मोठ्या रुग्णालयात पाठव.

विचारायचं कसं, यावर मी जास्त बोलणार आहे, कारण अर्धं काम तिथेच होतं किंवा फसतं. "लघवीचा काही त्रास आहे का?" असं विचारलंस तर दहातल्या नऊ बायका "नाय" म्हणतील. त्यांच्या लेखी हा त्रासच नाही. चार बाळंतपणं झाली, वय झालं, असंच होतं म्हणून सोडून दिलेलं असतं. "खोकताना कपडे ओले होतात का?" असं विचार. "बाहेर जायचं असलं की पाणी पिणं टाळता का?" असं विचार. "एसटीत बसायची भीती वाटते का?" हा माझा आवडता प्रश्न, कारण त्याचं उत्तर देताना लाज वाटत नाही, आणि उत्तरातून सगळं कळतं. आणि हे सासूला विचारायचं असेल तर सून चहा टाकायला आत गेली की विचार, सुनेला विचारायचं असेल तर सासू बाहेर खळ्यात गेली की. पुरुषमाणसांसमोर तर विचारूच नकोस. दक्षिणेकडे मालवणी मुलखात काही वर्षं होते, तिथे एक आजी दोन वर्षं शुगर तपासायला येत होती. एक दिवस बाकड्यावर कुणी नाही बघून हळूच म्हणाली, "माका धरूक जमणा नाय गो बाय." दोन वर्षं! आणि मी दर महिन्याला तिच्या बोटाला सुई टोचत होते.

आपल्याकडे या लाजेत सोवळ्याची भर पडते. कपडा ओला झाला की देवाकडे जायचं नाही, नैवेद्याच्या स्वयंपाकाला हात लावायचा नाही, असं बाई स्वतःच ठरवते. गणपतीत घर माणसांनी भरलेलं असतं आणि आजी मागच्या पडवीत एकटी बसलेली असते. घरच्यांना वाटतं तिला आवाज सोसत नाही. तू तिच्याशी वाद घालू नकोस. "गौरीला अजून किती दिवस आहेत? तोवर आपण हे जरा आटोक्यात आणू," एवढं म्हण. तिला धरून ठेवायला एक तारीख मिळते.

हर्णैच्या बंदरावरची एक बाई सांगते. मासे विकणारी, पन्नाशीची, डोक्यावरची पाटी तीस वर्षांची. संध्याकाळच्या लिलावाला दुपारपासून येऊन बसायची. आमच्या शिबिरात बीपी तपासायला आली होती. मी एसटीचा प्रश्न विचारला तर हसली. म्हणाली, "आमचं बरं आहे सिस्टर, मासळीच्या पाण्याने लुगडं भिजलेलंच असतं. त्यात काय मिसळलं ते कुणाला कळतंय?" सकाळी दहाला चहा, मग रात्री घरी जाईस्तोवर पाण्याचा थेंब नाही. कारण बंदरावर बाईमाणसाने जायचं कुठे? वर्षातून तीन-चार वेळा उन्हाळी लागायची, धण्याचं पाणी पिऊन भागवायची. ही बाई मनात ठेव, तिच्याकडे मी परत येणार आहे.

पाणी कमी केलं की गळती कमी होईल हा हिशेब सगळेच करतात आणि तो उलटा पडतो. घट्ट, गडद लघवी मूत्राशयाला डिवचते, घाई वाढते, जंतुसंसर्ग होतो, शौचाला खडा होतो, आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर पोटात जायला हवं, दिवसभर थोडं थोडं, आणि झोपायच्या आधीचे दोन-तीन तास हात आखडता. चहाचं मात्र बघ. आपल्याकडे कोऱ्या चहाला कुणी चहा मोजतच नाही. "दोन वेळा घेते" म्हणणारीचे मी एकदा दिवसभराचे कप मोजले, सात झाले. कॅफिनने घाई वाढते. चहा तोडायला सांगितलास तर ती तुलाच तोडेल. आठवड्याला एक कप कमी करायला सांग.

यासाठी वही हवी. तीन दिवसांची नोंद : किती वाजता गेली, अंदाजे किती झाली, किती वाजता सुटली, तेव्हा काय करत होती, काय प्यायली. लिहिता येत नसेल तर अडून राहू नकोस. मी घरात दोन डबे ठेवायला सांगते. मोरीत जाऊन आली की पहिल्या डब्यात काजूची एक बी, कपडा ओला झाला की दुसऱ्यात. संध्याकाळी नातवाने मोजून कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात आकडे लिहायचे. (एका नातवाने बिया भाजून खाल्ल्या आणि आमची एक दिवसाची नोंद गेली. तेव्हापासून मी चिंचोके सांगते.) घरातल्या फुलपात्रात किती मिलिलिटर मावतं ते एकदा औषधाच्या मापाने मोजून घे, मग पाण्याचा हिशेब तेवढ्याने जमतो. लघवी मोजायला जुन्या मगावर खुणा करून दे. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर सहज मावतं. वहीत दर वेळी ८०-१०० दिसत असेल आणि फेऱ्या पंधरा, तर मूत्राशयाला थोडक्यात हाक मारायची सवय लागलीय. रात्री चार वेळा आणि दर वेळी भरपूर होत असेल तर पायाची सूज बघ, शुगर बघ. दिवसभर पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर किडनीकडे येतं. अशांना दुपारी तास-दोन तास पाय उशीवर घेऊन पडायला सांगितलं तरी रात्रीची एखादी फेरी वाचते.

मग औषधांची पिशवी. प्रत्येक घरात ती असते, खुंटीला टांगलेली प्लास्टिकची, तीन डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र. ती खाटेवर पालथी कर. पाणी काढायची गोळी रात्री घेतात का? एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळीने कोरडा खोकला लागलाय का? खोकल्यागणिक सुटत असेल तर दोष खोकल्याचा आहे. प्राझोसिन ही बीपीची गोळी चालू असलेल्या बाईचं मूत्राशयाचं तोंड सैल पडतं. डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते, त्याने लघवी वाढते आणि जागेला खाज, बुरशी येऊ शकते. झोपेच्या गोळीने माणसाला जागच येत नाही. तू एकही गोळी बंद करायची नाहीस, वेळ बदलायची नाहीस. कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवायचं, "या दोन गोळ्या सुरू झाल्यापासून गळती वाढलीय," असं सांगायचं. डॉक्टरांपुढे माणूस चार मिनिटं असतो, पिशवी फक्त तू पाहिलेली असतेस. मूत्राशय शांत करायच्या गोळ्या सुरू केल्या असतील तरी लक्ष तुझंच. ऑक्सिब्युटिनिनने तोंड कोरडं पडतं, शौचास घट्ट होतं, आणि म्हातारं माणूस गोंधळल्यासारखं बोलायला लागू शकतं. घरचे म्हणतात भ्रम झाला. मिराबेग्रॉन चालू असेल तर बीपी मोजत राहा.

लघवीची तपासणी कर, पण तिच्या मागे वाहवत जाऊ नकोस. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं, अचानक वाढलेली गळती असेल तर जंतुसंसर्ग शोधायचा. नुसता वास येतो किंवा लघवी गढूळ दिसते म्हणून म्हाताऱ्या माणसांना अँटिबायोटिक देत बसायचं नसतं.

खोकताना सुटणाऱ्यांसाठी पहिला उपाय व्यायामाचा. आर्नल्ड केगल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगल म्हणतात. नाव सांगायची गरज नाही, तो नीट शिकवायची गरज आहे. "चार लोकांत वारा सरायला आला तर कसा आवळून धरता? तसंच पुढची जागाही आत आणि वर ओढा." हे वाक्य मी हजारदा वापरलंय आणि दर वेळी बाई आधी लाजून हसते, मग तिला कळतं. श्वास चालू राहिला पाहिजे, कुल्ले, मांड्या, पोट ढिले. पुष्कळ बायका आत ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात, बाळंतपणात शिकवलेलं तेच लक्षात असतं. त्याने उलटं नुकसान. मी तिला मोठ्याने आकडे मोजायला लावते, बोलताना श्वास कोंडता येत नाही. सुरुवातीला तीन आकडे धरायचं, तेवढंच सोडायचं, हळूहळू दहापर्यंत. एका वेळी निदान आठ, दिवसातून तीन वेळा, आणि निदान तीन महिने. तीन महिन्यांचं पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर पंधराव्या दिवशी "काय फरक नाय" म्हणून सोडतात. वेळा घड्याळाच्या नकोत, कामाच्या हव्यात : सकाळी चूल पेटवल्यावर, दुपारी भात निवेपर्यंत, संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर. लघवी करताना मध्येच धार थांबवायचा सराव मात्र रोज करू देऊ नकोस, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामा न होण्याची खोड लागते. आणि खोकला येतोय असं वाटलं, भारा डोक्यावर घ्यायचा असला, की आधी जागा आवळायची, मग खोकायचं. एवढी एक युक्तीसुद्धा काही बायकांना पंधरवड्यात पुरते.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी गळतीत फरक पडतो. अंग बाहेर येत असेल, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकली असेल, तर ते नुसत्या व्यायामाने जागेवर जाणार नाही. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठव, रिंग बसवता येते, ऑपरेशन करता येतं. पाळी गेल्यावर जागा कोरडी पडून घाई, जळजळ होत असेल तर तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं मलम डॉक्टर देऊ शकतात, तेही विचार.

घाईवाल्यांचं तंत्र वेगळं. लागली की धावत सुटतात आणि धावतानाच सुटते. उलट करायचं : जागच्या जागी थांबायचं, बसता आलं तर बसायचं, जागा पाच-सहा वेळा पटापट आवळायची, लक्ष दुसरीकडे न्यायचं, कळ ओसरली की चालत जायचं. शिवाय वहीत दीड तासाचं अंतर दिसत असेल तर ते आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं. निदान सहा आठवडे. "बाहेर पडायच्या आधी जाऊन ये" म्हणून पाच-पाच मिनिटांनी जायची सवय हीच पुष्कळांची घाई वाढवते.

बाळंतिणींचं थोडक्यात. प्रसूती झाल्यावर किंवा नळी काढल्यावर सहा तासांच्या आत लघवी झालीच पाहिजे आणि ती किती झाली हे तू पाहिलं पाहिजेस. "झाली थोडी" यावर विश्वास ठेवू नकोस.

आता घर. पुस्तकात याला एक ओळ असते, आपल्या कोकणात मात्र हा निम्मा आजार आहे. संडास मागीलदारी, पंधरा-वीस पावलांवर, मध्ये चिऱ्याच्या दोन पायऱ्या, त्यावर पावसात शेवाळ, आणि पावसाळ्यात वीज असेल तर असेल. आजीला मोतीबिंदू, गुडघे गेलेले. तिला मूत्राशयाची गोळी देऊन काय होणार? मी अशा घरी गेले की आजीला म्हणते, "चला, मला संडास दाखवा," आणि घड्याळ बघत मागून चालते. एकदा खाटेपासून दारापर्यंत पोचायला चार मिनिटं लागली, कडी काढायला अजून अर्धं. तिथे गळती बरी करायला लागलं काय? शेवाळ घासून पायऱ्यांना चिपळूण-रत्नागिरीत कुठेही मिळणारी खरखरीत फरशी, भिंतीला नायलॉनची जाड दोरी धरायला, बॅटरीचा दिवा, आणि रात्रीपुरती खाटेशेजारी कमोडची खुर्ची. खुर्ची विकत घेणं जमत नसेल तर जुन्या लाकडी खुर्चीचं बसायचं कापून खाली बादली ठेवता येते, वाडीतला सुतार करून देतो. ज्यांच्याकडे न्हाणीघर घराला लागून आहे त्यांनी रात्री तिथेच जावं, त्यात कमीपणा कसला? लुगड्याऐवजी गाऊन, नाडीऐवजी इलॅस्टिक. विसर पडणाऱ्या माणसाला दर दोन तासांनी "चला, जाऊन येऊ" म्हणत हाताला धरून न्यायचं. "लागलीय का?" असं विचारलं तर ते नाहीच म्हणणार.

कातडीचं पावसाळ्यात फार सांभाळावं लागतं. ओल्या कपड्यात तास दोन तास गेले की लघवीतून अमोनिया सुटतो, कातडी पांढुरकी, मऊ पडते, मग लाल, मग सोलते. त्यावर डेटॉलचं पाणी आणि पावडर हे आपल्याकडचं घरोघरचं औषध, आणि दोन्ही नकोत. कोमट पाणी, मऊ कापड, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं, मग व्हॅसलिनचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. जाड लेप दिला तर डायपरमध्ये लघवी शोषली जात नाही. घड्यांमध्ये लालीच्या कडेला बारीक लाल ठिपके विखुरलेले दिसले तर बुरशी आहे, डॉक्टरांना दाखव. आणि लाली माकडहाडावर किंवा खुब्याच्या हाडावरच असेल, बोटाने दाबल्यावर पांढरी होत नसेल, तर तो दाबाचा व्रण सुरू होतोय, कूस बदलायचं वेळापत्रक त्याच दिवशी लाव. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या वापरणाऱ्या घरांना मृगाच्या आधीच सांगून ठेव की नेहमीच्या दुप्पट करा, कारण श्रावणापर्यंत काही धड सुकत नाही. बाळाची दुपटी जशी शेगडीवर टोपली पालथी घालून सुकवतात तशी ही सुकवायची, किंवा इस्त्री फिरवायची. दमट कपडा पुन्हा लावणं सगळ्यात वाईट.

डायपरला माझा विरोध नाही. मुंबईचा मुलगा गणपतीला येताना दोन पिशव्या भरून आणतो, ते त्याचं प्रेमच आहे. लग्नाला, प्रवासाला, रात्रीला जरूर वापरावा. पण चालत्याफिरत्या आजीला दिवसाही बांधून ठेवला की आठ-दहा दिवसांत ती उठणं सोडते, आणि मग खरोखरच डायपरची होते. एकावर एक दोन घालू नयेत. वापरलेले पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकायचे नाहीत, हेही तुलाच सांगावं लागणार. आमच्याकडच्या एका पऱ्याला पहिल्या पावसात काय काय वाहून येतं ते न सांगितलेलं बरं.

नळी शेवटी. लघवी अडली, व्रण भरत नाही, शेवटच्या दिवसांत हलवताना जिवाला त्रास होतो, अशा कारणांनी डॉक्टर ठरवतात. धुणं वाचावं म्हणून नळी घालायची नसते, कारण नळी राहिली की जंतू येणारच, आज ना उद्या. पुरुषांना लघवी अडत नसेल तर कंडोमसारखी बाहेरून बसवायची पिशवी चालते, फक्त ती घट्ट बांधू देऊ नकोस. नळी असलेल्या घरात सांगायचं ते इतकंच : पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर पण जमिनीला न टेकता, दोन तृतीयांश भरली की रिकामी, आधी नंतर साबणाने हात, जोड उघडायचा नाही. एसटीतून नेताना पिशवी मांडीवर घेऊन बसतात, तेव्हा लघवी उलटी आत जाते. नळीच्या बाजूने गळायला लागलं की घरचे आणि कधी आपल्यातलेही म्हणतात, जाड नळी घाला. आधी नळी मुडपलीय का बघ, शौचाला कधी झाली विचार. निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं.

लघवीत रक्त, लघवी पूर्ण बंद, किंवा कंबरेत कळ येऊन अचानक गळती आणि सोबत पायात कमजोरी, बसायच्या जागेला बधिरपणा, यांपैकी काही दिसलं तर वही बाजूला ठेव आणि गाडी बोलाव.

एवढं सगळं ओपीडीच्या गर्दीत कधी करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. एका दिवसात नाहीच होत. पहिल्या भेटीत पोट आणि औषधांची पिशवी, दुसऱ्या भेटीत वही, तिसऱ्या भेटीत व्यायाम. मधल्या काळात आशाताईला चिंचोके मोजायला सांग, त्या माझ्यापेक्षा चोख मोजतात. आणि सुनेला कधीतरी विचार, रात्री किती वेळा उठावं लागतं. कुणी विचारत नाही तिला.

हर्णैची ती बाई तीन महिने व्यायाम करत राहिली, बर्फाच्या पेटीवर बसून, कुणाला कळत नाही म्हणायची. खोकताना अजून थोडं होतं. वहीत दिसलं की मुख्य भानगड दुपारी पाणी न पिण्याची आहे, आणि त्याला गोळी नव्हती. शेवटी तिनेच मार्ग काढला. बंदराच्या वरच्या अंगाला ओळखीचं एक घर आहे, तिथली मोरी तिने ठरवून ठेवलीय. आता ती दुपारी पाण्याची बाटली घेऊन लिलावाला बसते. आणि मोरीचं भाडं म्हणून त्या घरी जाते कधी चार बांगडे, कधी वाटीभर कोळंबी.